कृष्णेतल्या माशांची तब्येत तपासायचं सामान: काय घ्यावं, काय थांबवावं

सांगलीत नदीवर काम करणारे गट, कॉलेजांचे प्राणिशास्त्र विभाग आणि मासेमार सोसायट्या तपासणीचं सामान घ्यायला निघतात तेव्हा पहिला खर्च बहुतेक वेळा चुकतो. आकडे दाखवणारा मीटर घेतला जातो आणि ज्याच्यावाचून नदीचं खरं काही कळत नाही ते बारीक आसाचं (भोकांचं) जाळं राहून जातं. भिलवडी ते म्हैसाळ या पट्ट्यात, बंधाऱ्यांमागे तुंबलेल्या पाण्यात आणि बंधाऱ्यांखालच्या उथळ वाहत्या पाण्यात कोणतं सामान कामाला येतं आणि कुठं दगा देतं, ते इथं मांडलं आहे. कंपन्यांची नावं दिलेली नाहीत. एकाच प्रकारच्या सामानात फरक पडतो तो बनावटीच्या दोन-तीन ठरावीक जागांवर, आणि त्या जागा दुकानात हातात घेऊन तपासता येतात.

मत आधीच सांगतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं विंकलर पद्धतीचं किट घ्या. ओढायचं बारीक जाळं घ्या. मोजपट्टी घ्या, पण शून्य तपासून. ऑक्सिजन मीटर हा दुसऱ्या टप्प्याचा खर्च आहे, आणि त्याची खरी गरज साखर कारखान्यांच्या मळीमिश्रित काळ्या पाण्यात लागते. विजेचं यंत्र, डीएनए तपासणी आणि मासे मोजणारे काउंटर सध्या थांबवा.

या सामानामागचा हिशेब मुख्यतः अटलांटिक सॅमनच्या नद्यांवर घडला, म्हणून तिकडचं थोडं समजून घ्यायला हवं. (आपल्याकडे ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात तो रावस. त्याचा आणि या माशाचा काही संबंध नाही.) अटलांटिक सॅमन थंडीच्या तोंडावर नदीच्या गोट्या-वाळूत खड्डा करून अंडी घालतो. पिल्लं दोन-तीन वर्षं नदीत वाढतात, मग चंदेरी होऊन समुद्रात उतरतात आणि एक ते तीन हिवाळे तिथं काढून त्याच नदीत परततात. त्यामुळे त्या नद्यांवर तीन ठिकाणी मोजणी होते: परतणारे मोठे मासे, नदीतली पिल्लं आणि समुद्राकडे निघालेली पिल्लं. स्कॉटलंडमध्ये डी नदीच्या खोऱ्यातल्या गर्नक बर्न या छोट्या ओढ्यावर १९६६ पासून वर जाणारे आणि खाली येणारे मासे सापळे लावून मोजले जात आहेत. २०१६ पासून स्कॉटलंडमधल्या नद्यांना प्रतवारी दिली जाते. नदी माशांनी भरलेली राहण्यासाठी किती अंडी पडायला हवीत ते आधी ठरतं, मग पाच वर्षांच्या आकड्यांवरून तेवढी अंडी पडण्याची शक्यता काढतात. शक्यता ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पहिली प्रत, ६० ते ८० असेल तर दुसरी, ६० च्या खाली तिसरी. तिसऱ्या प्रतीच्या नदीत गळाला लागलेला प्रत्येक सॅमन परत पाण्यात सोडावा लागतो.

एवढं करूनही चित्र वाईट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने या माशाला ‘जवळजवळ संकटग्रस्त’ गटात टाकलं. २००६ ते २०२० या काळात जगभरची संख्या २३ टक्क्यांनी घटली. जून २०२४ मध्ये नॉर्वेने ३३ नद्यांवरची सॅमनची मासेमारी थांबवली. हे आकडे काढता आले ते मात्र त्यांच्याकडे पन्नास-साठ वर्षांची सलग मोजणी होती म्हणूनच. आपल्या पट्ट्यात अशी सलग वही नाही. सामान घ्यायचं ते ती वही सुरू करण्यासाठी.

तिकडचा हिशेब घ्यायचा, तिकडच्या मर्यादा उचलायच्या नाहीत. पाणी २३ अंशांच्या वर गेलं की सॅमन ताणाखाली येतो. कृष्णेत एप्रिलमध्ये २८-३० अंश पाण्यात आपले मासे राहतात. ऑक्सिजनचंही तसंच. आपल्यासाठी हाताशी ठेवायचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘ड’ वर्गाचा, म्हणजे वन्यजीव आणि मत्स्यवाढीसाठीच्या पाण्याचा: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, पीएच ६.५ ते ८.५, मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबात १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

विंकलर किट

१८८८ सालची ही पद्धत अजून टिकून आहे, कारण तिला बॅटरी लागत नाही आणि ती बिघडली तर बिघाड डोळ्यांना दिसतो. किटमध्ये काचेची बुचाची बाटली, मँगनीज सल्फेट, अल्कली-आयोडाइड-अझाइड, आम्ल, स्टार्च आणि सोडियम थायोसल्फेट एवढं असतं. किट दोन प्रकारची मिळतात. एकात ३०० मिलीची बुचाची बाटली (‘बीओडी बाटली’ म्हणून मिळते) आणि ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांची तोटीवाली नळी, दुसऱ्यात छोटी बाटली आणि थेंब मोजायची नळी. पहिलं घ्या. थेंबांच्या किटात एका थेंबाला १ मिलिग्रॅम धरलेला असला तर ३ आणि ४ मधला फरक, म्हणजे नेमका जो पाहायचा आहे तोच, एका थेंबावर येऊन अडकतो. थेंबांचंच किट हाती असेल तर टायट्रेशनला, म्हणजे थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडून मोजायला, दुप्पट नमुना घ्या. मग एक थेंब अर्ध्या मिलिग्रॅमचा होतो.

नमुना भरणं ही यातली सगळ्यात नाजूक पायरी, आणि निम्म्याहून जास्त आकडे इथंच बिघडतात. बादली पाण्यात टाकून, वर ओढून, बाटलीत ओतलं की पाणी हवा खातं आणि मेलेल्या पाण्यातही ५-६ दिसू लागतात. बाटली अशी भरायची की पाणी तळापासून वर चढलं पाहिजे. यासाठी जड डबा, त्यात बसणारी बाटली आणि डब्याच्या झाकणातून थेट बाटलीच्या तळापर्यंत जाणारी नळी असा नमुनेरी मिळतो. लोहार-फॅब्रिकेटरकडून करून घेतला तरी चालतो. पाणी बाटलीतून ओसंडून डब्यात पडतं, त्यामुळे हवेला लागलेलं पहिलं पाणी बाहेर निघून जातं. डब्यात मावणारं पाणी बाटलीच्या किमान दोन-तीनपट असावं. बाटली वर आली की बूच तिरकं धरून बसवायचं, उलटी करून पाहायची. मुगाएवढा बुडबुडा दिसला तरी तो नमुना टाकून द्यायचा.

मग बाटलीच्या तोंडाखाली पिपेटचं टोक नेऊन १ मिली मँगनीज सल्फेट, १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली दहा-पंधरा वेळा उलटीसुलटी करा. खाली बसणारा गाळ तपकिरी, गुळाच्या काकवीसारखा दिसला तर ऑक्सिजन आहे. गाळ पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ शून्य, आणि हे पुढचं टायट्रेशन न करताही कळतं. घाटावर उभं राहून बाटलीत पांढरा गाळ पाहणं हा या किटचा सगळ्यात मोठा उपयोग आहे. शेजारी उभ्या असलेल्या सरपंचालाही आणि कारखान्याच्या माणसालाही तो सारखाच दिसतो.

गाळ अर्धा बसला की पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या, मग १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. आम्लानंतर पाणी स्वच्छ पिवळं होतं. इथंच नमुना ‘बांधला’ जातो; अंधारात ठेवला तर आठ तासांच्या आत टायट्रेशन कधीही करता येतं. म्हणजे पहाटे चार ठिकाणी बाटल्या बांधायच्या आणि मोजणी कॉलेजात बसून करायची. २०१ मिली नमुना घ्या, ०.०२५ नॉर्मल ताकदीचं थायोसल्फेट सोडा, रंग फिका पेंढ्यासारखा झाला की स्टार्च घाला, निळा रंग पहिल्यांदा जाईल तिथं थांबा. जेवढे मिली, तेवढे मिलिग्रॅम प्रति लिटर. थोड्या वेळाने निळा परत येतो, तो मोजायचा नाही.

बिघाड कुठून येतो? थायोसल्फेट जुनं झालं की त्याची ताकद उतरते, जास्त मिली लागतात आणि आकडा खोटा वाढतो. ही सगळ्यात धोकादायक चूक, कारण ती नदीला निरोगी दाखवते. स्टार्च आठवड्यात आंबतं. निळ्याऐवजी जांभळट-लाल रंग आला की ते फेका. दुकानातून बाटली घेताना बनवल्याची तारीख पाहा आणि दर महिन्याला एक साधी चाचणी करा: स्वच्छ पाणी एका बादलीतून दुसरीत वीसेक वेळा उंचावरून ओता, बुडबुडे बसू द्या, तापमान घ्या आणि किट लावा. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात ८.२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो; सांगली साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथं ७.७ च्या आसपास यायला हवा. ३० अंशांना ७.१ च्या आसपास. किट ८.५ दाखवत असेल तर दोष थायोसल्फेटचा.

तीव्र आम्ल पहाटेच्या अंधारात होडीत हाताळणं हा या पद्धतीचा खरा अवगुण. काही किटांत त्याऐवजी सल्फॅमिक आम्लाची पूड येते. नदीकाठी विद्यार्थी काम करणार असतील तर तीच घ्या, चष्मा आणि हातमोजे लावूनच. अझाइड विषारी आहे. उरलेलं द्रावण नदीत नाही, धातूच्या नळांच्या बेसिनमध्ये तर अजिबात नाही. प्लास्टिकच्या डब्यात जमवून प्रयोगशाळेच्या टाकाऊत द्यायचं.

आणि वेळ. दुपारी दोनला घेतलेला आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि तुंबलेल्या हिरव्या पाण्यात ९-१० सुद्धा दिसतात. तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खातं. तळ गाठला जातो तो पहाटे, उजाडायच्या आधी. मासा मरतो तो त्या तासाला. बंधाऱ्यामागच्या पाण्यात पृष्ठभाग आणि तळ असे दोन नमुने घ्यावेत, कारण उन्हाळ्यात तळाचं पाणी वरच्यात मिसळत नाही.

मीटर कधी लागतो

विंकलर हरतं ते काळ्या पाण्यात. मळीचा रंग असला की निळा कधी गेला ते दिसत नाही. शिवाय कारखान्यांत रस गंधकाच्या धुरीने साफ होतो. सांडपाण्यात सल्फाइट आलं तर ते आयोडीन खाऊन टाकतं आणि आकडा खोटा कमी येतो. किटचा आकडा अशा वेळी पुरावा म्हणून कोणी उडवून लावला तर त्याचं म्हणणं बरोबर असतं. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, मीटर सोबत असावा तो यासाठी.

मीटर दोन तऱ्हेचे. पडदा असलेल्या गॅल्व्हॅनिक मीटरचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायचं टोक, मोजताना स्वतःच ऑक्सिजन खातो, म्हणून थांबलेल्या पाण्यात आकडा सावकाश उतरत राहतो. प्रोब हातात धरून सतत हलवत ठेवा, आकडा स्थिर झाला तरच लिहा. पडद्याखाली बुडबुडा राहिला, सुरकुती पडली किंवा शेवाळाचा थर बसला की मीटर बिनचूक वाटणारा चुकीचा आकडा देतो. प्रकाशाने मोजणाऱ्या ऑप्टिकल मीटरला हलवावं लागत नाही आणि पडदाही नसतो, पण त्या पैशात विंकलरची डझनावारी किट येतात आणि त्याच्या प्रोबवरची टोपी ठरावीक काळाने बदलावी लागते. घ्यायचाच तर ऑप्टिकल घ्या, दोन-तीन गटांनी मिळून घ्या. घेताना पाहायची गोष्ट एकच: उंची किंवा हवेचा दाब भरता येतो का. समुद्रसपाटीवर सेट केलेला मीटर सांगलीत सहा टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवतो. दुकानात सोडियम सल्फाइटच्या ताज्या द्रावणात प्रोब बुडवून शून्य येतं का तेही बघून घ्या, ०.५ वर अडकणारा मीटर परत करा.

जाळं: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकं

मोठे मासे मिळतात म्हणून नदी चांगली, हा समज सॅमनच्या नद्यांवर कधीच मागे पडला. नदीचं उत्तर पिल्लांत असतं. यंदाची पिल्लं नाहीत पण गेल्या वर्षीची आहेत, म्हणजे यंदा विणीत खोट झाली: अंडी वाहून गेली, वाट अडली किंवा मादीच पोचली नाही. यंदाची भरपूर आहेत पण गेल्या वर्षीची नाहीत, म्हणजे वीण झाली होती, मधल्या उन्हाळ्याने घात केला. मोठ्या आसाचं जाळं हे दोन्ही दाखवू शकत नाही. ४० मिलिमीटर आसाच्या अडजाळ्यात त्याच मापाचे मासे अडकतात. लांबीचा आलेख काढला तर तो जाळ्याचा आलेख असतो, नदीचा नव्हे.

ओढायचं जाळं ८ ते १० मीटर लांब, दीड मीटर उंच, आस ४-५ मिलिमीटर, आणि गाठीविना विणलेलं घ्या. गाठींच्या जाळ्यात पिल्लांचे खवले निघतात. खालच्या दोरीला शिसं एकसारखं असावं. जिथं शिसं विरळ तिथं गोट्यांवरून जाळं उचललं जातं आणि तळाशी बसणारे मासे निसटतात. दोन टोकांना काठ्या, मधे थोडा झोळ. गुडघाभर वाहत्या पाण्यात, गोटे-वाळूच्या सपाट जागी, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने येऊन काठाला लावायचं. ओढलेली लांबी आणि रुंदी फितीने मोजा. मासे दर १०० चौरस मीटरला किती, असंच लिहा. ‘आज खूप मिळाले’ या नोंदीतून पाच वर्षांनी काहीच काढता येत नाही.

जागा लहान असेल तर दोन्ही टोकांना जाळी आडवी बांधून तीच जागा तेवढ्याच मेहनतीने दोनदा ओढा. पहिल्यात ४०, दुसऱ्यात १६ मिळाले तर पहिल्याचा वर्ग भागिले दोहोंतला फरक: १६०० भागिले २४, म्हणजे त्या जागेत सुमारे ६७ मासे होते. पकडलेले ५६, न दिसलेले ११. हेच गणित २२ आणि १९ ला लावलं तर १६१ येतात, आणि त्या आकड्याला अर्थ नाही. दुसऱ्या ओढीत घट दिसली नाही याचा अर्थ जाळं नीट बसत नाही किंवा टोकाकडून मासे आत येताहेत. तेव्हा तिसरी ओढ घ्या, नाहीतर फक्त पहिल्या ओढीचा आकडा नोंदवा.

आता आपल्याकडची खरी अडचण. नदीत आणि तलावांत रोहू, कटला, मृगळ यांचं मत्स्यबीज सोडलं जातं. बोटभर रोहू मिळाला म्हणून नदीत वीण झाली असं म्हणता येत नाही. तो टँकरमधून आलेला असू शकतो. सॅमनच्या नद्यांवर बऱ्याच ठिकाणी हॅचरीच्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर छाटून सोडतात, त्यामुळे तो मासा ओळखता येतो. आपल्या बीजावर अशी खूण नसते. म्हणून वीण मोजायची ती ज्या जातींचं बीज सहसा कुणी सोडत नाही त्यांच्यावर: वाम, मरळ, छोट्या पुंटियस जाती. महासीर, आपल्याकडचा खडस, हा मासा शास्त्रात पोचला तोच आपल्या मुलखातून. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून त्याची नोंद केली आणि ‘खुद्री’ हे नाव दिलं. तो पावसाळ्यात वाहत्या पाण्याच्या गोट्यांत वितो, त्यामुळे सॅमनशी तुलना करायला आपल्याकडे हाच सगळ्यात जवळचा मासा. पण लोणावळ्याजवळ वळवणच्या हॅचरीत त्याची पिल्लं तयार होऊन अनेक पाण्यांत सोडली गेली आहेत. ज्या टप्प्यात बीज सोडल्याची नोंद आहे तिथं त्याचं पिल्लू मिळालं तर वहीत तसं लिहा. चिलापीची पिल्लं मात्र कितीही मिळाली तरी ती आरोग्याची खूण धरू नका. वाईट पाण्यातही ती वाढते.

जाळ्यातली पिल्लं सावलीतल्या, बॅटरीच्या एअरेटरने हवा दिलेल्या बादलीत ठेवा, हात ओले करूनच धरा, पंधरा मिनिटांत परत सोडा. बारीक आस हा मासेमारीचा माल नव्हे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाची लेखी परवानगी आणि त्या पाण्याचा ठेका असलेल्या सोसायटीची संमती खिशात असल्याशिवाय ते पाण्यात टाकू नका. आणि औदुंबर-भिलवडी भागात मगरी आहेत. डोहाच्या काठाने, पहाटे किंवा तिन्हीसांजेला पाण्यात उतरून जाळं ओढायचं नाही. पहाटेचा ऑक्सिजन पुलावरून किंवा बंधाऱ्यावरून दोरीने, जाळं उन्हं चढल्यावर उथळ पाण्यात.

मोजपट्टी, तराजू आणि खवल्यांची पाकिटं

मासे मोजायची पाटी ही पन्हाळीच्या आकाराची, एका टोकाला उभी फळी असलेली. दोष नेहमी त्याच जागी: पट्टीचा स्टिकर फळीपासून दोन-तीन मिलिमीटर दूर चिकटवलेला असतो. पोलादी फूटपट्टी सोबत न्या, शून्य फळीच्या आतल्या कडेला भिडतो का पाहा. सहा सेंटिमीटरच्या पिल्लावर तीन मिलिमीटरची चूक म्हणजे पाच टक्के, आणि पुढच्या गणितात लांबीचा घन येत असल्याने तीच चूक पंधरा टक्क्यांच्या वर जाते. स्टिकर ओला होऊन सुटतो, म्हणून कोरलेले आकडे असलेली पाटी घ्या.

ते पुढचं गणित, म्हणजे मासा किती भरलेला आहे ते सांगणारा आकडा, असं: ग्रॅममधलं वजन गुणिले १००, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन. ३० सेंटिमीटरचा, २९० ग्रॅमचा मासा असेल तर १.०७. तोच मासा निष्काळजीपणे २९ मोजला तर १.१९, म्हणजे हाडकुळा मासा धष्टपुष्ट झाला. हा आकडा एकाच जातीत, एकाच महिन्यात, एकाच ठिकाणी ताडून पाहायचा. रोहूचा मरळीशी लावायचा नाही, आणि गाभोळी भरलेल्या मादीचा जूनमधला आकडा जानेवारीशी तर नाहीच. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजता की टोकापर्यंत, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मोजणारा बदलला तरी बदलू नका. तराजू १ ग्रॅम दाखवणारा पुरे. वाऱ्यात आकडा नाचतो, म्हणून तो प्लास्टिकच्या उभ्या खोक्यात ठेवा.

खवल्यांची कागदी पाकिटं सॅमनच्या कामातून आली. सॅमनच्या खवल्यावर हिवाळ्यातली वलयं दाटीने येतात, त्यामुळे नदीत किती वर्षं आणि समुद्रात किती, हे दोन्ही मोजता येतं. कृष्णेत हिवाळा तेवढा कडक नाही. वलयं विणीच्या ताणाने आणि खाद्याच्या टंचाईनेही पडतात. म्हणून इथं खवल्यावरून काढलेलं वय हा लांबीच्या आलेखाला जोडपुरावा समजा. पाठीच्या पराखाली, कडेच्या रेषेच्या वर, असे पाच-सहा खवले चिमट्याने काढा. मधोमध वलयं नसलेला, कोरा दिसणारा खवला पुन्हा उगवलेला असतो, तो निरुपयोगी. प्लास्टिकच्या पिशवीत खवले कुजतात, कागदात सुकतात. पाकिटावर जागा, तारीख, जात, लांबी, वजन हे शिसपेन्सिलीने लिहा. पेनची शाई ओल्या हाताने पसरते.

जे थांबवावं

विजेचा हलका धक्का देऊन मासे गुंगवणारं पाठीवरचं यंत्र हे सॅमनच्या ओढ्यांवरचं मुख्य हत्यार आहे. इथं ते नको. रुंद आणि गढूळ पात्रात गुंगलेला मासा दिसत नाही, आणि बॅटरी-इन्व्हर्टरने शॉक देऊन मासे मारणारे चोरटे प्रकार चालू असताना तसलंच यंत्र घेऊन पाण्यात उतरणं गावाला चुकीचा संदेश देतं. वर जाणारे मासे मोजणारे इन्फ्रारेड काउंटर अरुंद मासेवाटेत बसवतात. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांना अशी वाट नाही. पाण्यातल्या डीएनएवरून जात आहे की नाही ते कळतं, पिल्लू की म्हातारा ते कळत नाही, आणि वरच्या गावातल्या बाजारात धुतलेल्या माशाचा डीएनएही खाली वाहत येतो.

मासे मेल्याचा फोन आला तर

या सामानाची कसोटी तेव्हाच लागते, आणि तिथं क्रम महत्त्वाचा. पोचल्या पोचल्या बाटली बांधा, पण मेलेल्या माशांच्या जागी घेतलेला दुपारचा नमुना बऱ्याचदा ६-७ दाखवतो, कारण खराब पाणी पुढं गेलेलं असतं. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेग म्हणजे तासाला साधारण एक किलोमीटर. पहाटे चारला मासे मेले आणि तुम्ही अकराला पोचलात तर तो पाण्याचा लोंढा सातेक किलोमीटर खाली शोधा. एक नमुना तिथं, एक मेलेल्या जागी, एक वर जिथं मासे जिवंत आहेत तिथं.

मग मेलेल्यांची यादी, जातवार आणि लांबीसकट. मोठे मासे आधी गेले, तोंडं उघडी, कल्ले फाकलेले, आणि हवा घेऊ शकणारी मरळ जिवंत आहे, तर कारण बहुतेक ऑक्सिजनची टंचाई. छोटे आधी गेले किंवा मरळसुद्धा मेली तर विषाकडे पाहायला हवं, आणि तेव्हा ऑक्सिजन किटचा आकडा चांगला आला तरी प्रकरण मिटत नाही. प्रयोगशाळेला पाठवायला फुगलेले मासे नकोत. शेवटच्या घटका मोजणारे दोन-तीन बर्फात घाला, सोबत स्वच्छ काचेच्या बाटलीत एक लिटर पाणी.

पैसे एकदम नसतील तर आधी जाळं, पाटी आणि विंकलर किट आणा. मीटर पुढच्या गळिताच्या आधी. पहिली ओढ पाऊस ओसरल्यावर, बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसायच्या आधी घ्या. बरगे एकदा बसले की गोट्यांच्या सपाट जागा पुरुषभर पाण्याखाली जातात, आणि यंदाची पिल्लं मोजायची जागा पुढच्या पावसाळ्यापर्यंत हाती लागत नाही.